ऑइल पिणारी व्हीटेक आणि उद्यमनगरातले मामा

माझी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक. पॉड फिल्टर (उघडा एअर फिल्टर), ४-२-१ हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), मागं जाडजूड मफलर, हौसेनं जे जे करतात ते सगळं करून झालंय. गेल्या दिवाळीपासून दर ९०० किलोमीटरला लिटरभर ऑइल पिऊ लागली. आधीच्या गॅरेजवाल्यानं सायलेन्सरात बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवायला लागतंय." एस्टिमेट ४५,००० रुपये. त्याआधी दोनदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदलून पैसे घेतले होते, ते वेगळेच.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या गॅरेजात गेलो. मालकाला सगळे मामा म्हणतात. मामांनी आधी प्लग काढले. दोन आणि तीन नंबरच्या प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं: १७५ ते १८० पीएसआय. प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं, काटा जेमतेम हलला. रिंगा गेल्या असत्या तर चांगलाच वर चढला असता. "रिंगा ठणठणीत हैत. कुणी सांगितलं तुला?" मी गप्प.

मग इंजिन डिझेलनं धुऊन, वाळवून त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू केली. दहा मिनिटांत टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पांढऱ्यावर काळी रेघ उतरली. दुसऱ्या दिवशी गाडी पन्हाळ्यावर. मामा चालवायला, मी शेजारी, त्यांचा पोरगा मागं बाईकवर. उतारभर दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. वाघबीळला पेडल दाबल्याबरोबर पोरगा मागून हात हलवायला लागला: निळ्या धुराचा लोट. म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणारे रबरी वॉल्व्ह सील कडक झालेत.

पण पॅकिंग सारखं का फुटतं, याचं उत्तर पॉड फिल्टरपाशी निघालं. फिल्टर बसवणाऱ्यानं ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीत बोल्ट कोंबून वर क्लिप आवळली होती, कारण नव्या पाइपाला नळी जोडायला तोंडच नव्हतं. पेडल पूर्ण दाबलं की हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते, त्या ओढीवर इंजिनातला वायू खेचणारा पीसीव्ही वॉल्व्ह कामाचा राहत नाही आणि क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला, दाब मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. "भावा, इंजिनला श्वास घ्यायला जागा कुठं ठेवलीय?"

कव्हर उघडल्यावर आतल्या कडेला सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. एक तुटून तळाच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकली असती तर ऑइल पंपाची वाट लागली असती. मामांनी दोन्ही कडा थिनरनं पुसल्या, रबरी पॅकिंग खाचेत कोरडंच बसवलं आणि फक्त चार कोपऱ्यांत तुरीच्या दाण्याएवढं सिलिकॉन लावलं. नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं आवळले, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं, १० न्यूटन मीटरला. रात्रभर गाडीला हात लावू दिला नाही. सोळाही वॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलले. वॉल्व्ह खाली पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुतळीची दोरी भरली होती! हे मी पहिल्यांदा बघितलं. ब्रीदरसाठी फिल्टरच्या पाइपाला निपल वेल्ड करून घेतलं.

बिल ९,४०० रुपये, त्यात तपासणीचे ८००. २,२०० किलोमीटर झाले. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी ऑइलची काडी बघतो, पातळी दोन खुणांमध्ये पाव भागही उतरलेली नाही.

तक्रारी आहेतच. दोन दिवस म्हणून सहा दिवस ठेवली. फोन उचलत नाहीत. बसायला एक जुनं बॅटरीचं खोकं. मॉडिफाइड गाडी बघितली की पहिली पंधरा मिनिटं शिव्या ऐकायची तयारी ठेवा. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा झिरपा दाखवला, तर "पुढच्या खेपेला" म्हणाले. तो अजून झिरपतोय, पार्किंगमध्ये पुठ्ठा टाकलाय.