थर्मोस्टॅटवाली हीट मॅट, आठ महिन्यांनंतर : सेन्सर बांधून ठेवा!

कुंडीखाली ठेवून माती गरम करायची ही मॅट; सेन्सर मातीत खोचायचा, त्याला गार लागलं की थर्मोस्टॅट मॅट चालू करतो, पुरेसं गरम झालं की बंद. वॉटेज, साइज वगैरे बॉक्सवर असतंच, मला बोलायचंय फक्त सेन्सरच्या वायरबद्दल, कारण तिच्यापायी माझ्या चाफ्याच्या तीन फांद्या गेल्या.

मी राहते तिथे समुद्राची गार हवा, सकाळी धुकं, ऊन कमी. चाफ्याची फांदी कापून पंधरा दिवस सावलीत सुकवली, चीक आटून काप बंद झाला, मगच लावली, तरी सडली. माती गार आणि ओली, दुसरं काही नाही. मुळं फुटायला मातीत साधारण २५ ते ३० अंश लागतात म्हणून मॅट घेतली आणि नव्या तीन फांद्या लावल्या.

एका रात्री सेन्सर मातीतून निसटला, बाहेरची गार हवा मोजत राहिला आणि मॅट रात्रभर चालू! सकाळी कुंड्या हाताला चटका देत होत्या, चार दिवसांत तिन्ही फांद्या बुडाशी मऊ. सर्व्हिसवाले म्हणे सेन्सर तुम्ही नीट खोचला नाही, वॉरंटीत बसत नाही. अहो पण वायर इतकी आखूड आणि ताठ आहे की कुंडी जरा सरकली की सेन्सर उपसून येतो, एक साधी क्लिप द्यायला काय होतं? तीनदा फोन केले, तेच उत्तर. तेव्हा एक स्टार दिला होता.

अपडेट : आता तीन देतेय. सेन्सर काडीला सुतळीने बांधून बोटभर खोल रोवला, त्यानंतरच्या दोन्ही फांद्या सात आठवड्यांत रुजल्या. कुंडी उचलली तर खालच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं, मी कितीतरी वेळ तेच बघत बसले होते.

आणि हो, सगळंच मॅटवर ठेवू नका. फॅलेनॉप्सिस ऑर्किड मी हौसेने तिथे ठेवलं तर नुसती पानं. गार खिडकीत हलवलं आणि दीड महिन्यात फुलांचा दांडा आला, त्याला दांडा धरायला काही आठवडे २५ अंशांखालचा गारवाच लागतो. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं म्हणतात ना, माझ्याकडे गारव्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडं असतं, हे सुख गरम हवेत कुठलं!

चौथा स्टार लांब वायर दिली तर. चाफ्याच्या एका फांदीला शेंड्यावर कळ्यांचा झुबका दिसतोय, रात्री झोपायच्या आधी टॉर्च घेऊन आधी सेन्सर बघते, मग कळ्या.