अण्णांचा पाय वाचला: पुण्यातल्या व्हॅस्क्युलर सर्जरी डिपार्टमेंटचा अनुभव

रेटिंग आधीच देतो, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच. हॉस्पिटल पुण्यातलं ट्रस्टचं आहे, नाव लिहीत नाही कारण हे कोणाची जाहिरात म्हणून वाचलं जायला नको, पण त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जरीच्या डिपार्टमेंटने जे केलं ते सविस्तर सांगायचंय, कारण आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत आणि बहुतेकांना असं वेगळं डिपार्टमेंट असतं हेच माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं.

आमचे अण्णा ६७ वर्षांचे, शुगर अठरा वर्षांपासून आणि बिडी त्याच्याही कितीतरी आधीपासून. दीड-दोन वर्षं सांगत होते की चाललं की पोटरीत गोळा येतो. सकाळी दूध घालायला डेअरीपर्यंत जायचे, मधे मारुतीच्या पारावर बसायचे, दोन-तीन मिनिटांत गोळा उतरायचा, परत उठून चालायचे. आम्ही म्हणायचो वय झालं, कंबरेतली नस दबली असेल, तेल लावून मालिश करा. कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा आणल्या. ठराविक अंतर चाललं की दुखणं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबणं हे पायाला रक्त कमी पडत असल्याचं फार नेमकं लक्षण आहे, हे मला कळेपर्यंत उशीर झाला होता. नडगीवरचे केस गेले होते, कातडी चकचकीत झाली होती, तेही रोज डोळ्यासमोर होतं.

मग नवीन चपलेने उजव्या पायाचं दुसरं बोट सोललं. जखम भरेना, बोट काळं पडलं. जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं तर त्यांनी बोट काढलं. बोट काढलं त्याचं वाईट नाही वाटत, वाईट याचं वाटतं की काढायच्या आधी एकानेही पायाची नाडी बघितली नाही. जिथे रक्तच पोचत नाही तिथे टाके घातले, ते भरणार कसे? पाच आठवड्यांनी कडा परत काळ्या. रात्री अण्णा पाय कॉटवरून खाली लोंबकळत ठेवून बसायचे, तसं केलं की थोडं बरं वाटायचं (रक्त उताराने खाली जातं म्हणून, हेही नंतर समजलं). तिथून सांगण्यात आलं की आता गुडघ्याखालून काढावा लागेल, शुगरच्या पायाचं असंच होतं. आई त्या दिवशी जेवली नाही.

माझी मावसबहीण नर्स आहे. तिने फोनवर एकच विचारलं, डॉप्लर (पायातलं रक्त कसं वाहतंय ते बघायची तपासणी) केलंय का? नव्हतं केलं. तिनेच ह्या डिपार्टमेंटचं सांगितलं.

ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, नंबर सकाळी आठला लावला, आत गेलो साडेअकराला. एवढं थांबावं लागतं, पण आत गेल्यावर कोणी घाई केली नाही. ज्युनियर डॉक्टरने दोन्ही पाय उघडे करून जांघेत, गुडघ्याच्या मागे, घोट्यापाशी आणि पावलाच्या वर असं चार ठिकाणी बोटं ठेवून नाडी शोधली. मग पेनासारखं छोटं डॉप्लर मशीन लावलं, त्याचा आवाज बाहेर ऐकू येतो. डाव्या पायात घुप-घुप असा दमदार आवाज, उजव्यात नुसती बारीक सूंसूं. त्या आवाजाच्या फरकातच मला सगळं समजलं, नंतरचे रिपोर्ट वाचायची गरजच नव्हती.

पुढे दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर मोजून भागाकार करतात, नॉर्मल माणसात तो एकच्या आसपास येतो आणि ०.९ च्या खाली गेला की ब्लॉकेज धरतात. अण्णांचा ०.६२ आला. मी म्हटलं चला, फार वाईट नाही. त्यावर मॅडम (तिथल्या सर्जन) म्हणाल्या की शुगरवाल्यांच्या रक्ताच्या नळ्या चुन्याने कडक होतात, पट्टा आवळला तरी दबत नाहीत म्हणून हा आकडा खोटा चांगला येतो, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघू. अंगठ्यातलं निघालं २६. तिशीच्या खाली असेल तर जखम आपण होऊन भरायची आशा फारच कमी, असं त्यांनी सरळ सांगितलं. कुठलीही गोष्ट गोड करून सांगितली नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

सीटी अँजिओत (डाय देऊन रक्ताच्या नळ्यांचा काढलेला सीटी स्कॅन) मांडीतली मुख्य नळी जवळजवळ पूर्ण बंद, गुडघ्याखाली मात्र परत उघडलेली आणि पावलापर्यंत दोन फाटे चालू. मॅडमनी कागदावर पायाचं चित्र काढून दाखवलं. कुठे बंद, कुठून कुठे नवीन रस्ता काढायचा, म्हणजे बायपास, तो पायातलीच एक शीर काढून जोडतात. मी विचारलं बलून (नळीत बारीक फुगा फुगवून ती आतून रुंद करतात ते) का नको, हल्ली सगळीकडे तेच करतात, चिरफाडही नाही. आता इथे त्यांनी जे उत्तर दिलं त्यासाठी मी वेगळे मार्क देईन. त्या म्हणाल्या, ह्यावर अलीकडेच दोन मोठे अभ्यास झालेत आणि दोघांचं उत्तर एक नाही. घरी येऊन मी दोन्ही शोधून वाचले. पहिला २०२२ चा, बेस्ट-सीएलआय नावाचा, अमेरिका धरून पाच देशांतले १८३० पेशंट. ज्यांच्या स्वतःच्या पायातली लांब शीर चांगली होती त्यांच्यात ऑपरेशनवाल्यांपैकी ४२.६ टक्के लोकांना पुढे पाय कापणं, पायावर परत मोठं ऑपरेशन किंवा मृत्यू यातलं काहीतरी झालं, बलून-स्टेंटवाल्यांमध्ये ५७.४ टक्के. म्हणजे बायपास सरस. ज्यांची शीर चांगली नव्हती त्यांच्यात मात्र फारसा फरक नाही. दुसरा २०२३ चा बेसिल-२, मुख्यतः ब्रिटनमधला, ३४५ पेशंट, ह्यात गुडघ्याखालच्या बारीक नळ्यांचे ब्लॉकेज, आणि तिथे उलटं निघालं, बायपास गटात ६३ टक्के लोकांचा पाय गेला किंवा मृत्यू झाला, बलून गटात ५३.

आकडे वाचून पोटात गोळा येतो. सरस म्हटलेल्या बाजूलासुद्धा ४२ टक्के! हा आजार किती गंभीर आहे ते ह्यातून कळतं. पण मॅडमचं म्हणणं पटलं, की बायपास चांगला का बलून चांगला असा प्रश्नच अर्धवट आहे, ब्लॉकेज कुठे, शीर कशी, हृदय किती सहन करेल हे बघून ठरवायचं. अण्णांचा अडथळा मांडीत, २डी इको ठीक, आणि सोनोग्राफीने शीर मापून बघितली तर साडेतीन मिलिमीटरची सलग चांगली. म्हणून बायपास. एका वाक्यात कारण सांगता आलं त्यांना, आणि शीर खराब निघाली असती तर बलूनच केलं असतं हेही सांगितलं.

ऑपरेशन चाललं पावणेपाच तास. मांडीच्या आतल्या बाजूची शीर काढून, उलटी करून, जांघेतल्या नळीपासून गुडघ्याखालच्या नळीला जोडली. उलटी का तर शिरेत झडपा असतात, त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात, आपल्याला तर रक्त खाली न्यायचंय. ही पद्धत पॅरिसमध्ये कुनलिन नावाच्या सर्जनने १९४८ मध्ये पहिल्यांदा केली. बाहेर बाकड्यावर बसून मोबाईलवर हेच वाचत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मुळात रक्ताची नळी नळीला शिवायची कशी, ते फ्रान्सच्याच लिऑन शहरातल्या आलेक्सी कारेलने शोधलं. १८९४ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्ष कार्नोंना भोसकलं, मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता येत नाही म्हणून ते गेले, हे कारेलच्या मनाला लागलं. त्याने एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुईचे टाके शिकले, १९०२ मध्ये आपली पद्धत छापली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माझी आजी चोळीच्या काठाला बारीक टीप घालायची ती आठवली. आणि बलूनवाल्या रस्त्याची सुरुवातही पाय कापायला नाही म्हणणाऱ्या एका ८२ वर्षांच्या आजींमुळे झाली, १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटरने सुई टोचून त्यांच्या मांडीतली अरुंद नळी आतूनच रुंद केली आणि पाय वाचला. हे वाचताना आत अण्णा टेबलावर होते, त्यामुळे त्या आजी मला फार जवळच्या वाटल्या.

संध्याकाळी रिकव्हरीत आत सोडलं. पावलाला हात लावला. गरम होतं. कित्येक महिन्यांनी तो पाय गरम लागला. सिस्टरांनी डॉप्लर लावून ऐकवलं, घुप-घुप. आई तिथेच रडली.

बिडीचं वेगळं सांगतो. मॅडम पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, काका, बिडी आजपासून बंद, मी जोडलेली शीर तुम्ही धुराने बंद पाडलीत तर परत जोडायला शीर शिल्लक नसेल. अण्णांनी खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं. शेजारच्या बेडवर पस्तिशीतला मुलगा होता, त्याला शुगर नाही, बीपी नाही, तरी दोन बोटं गेलेली. त्याला बर्जर नावाचा आजार, तंबाखू ओढणाऱ्या तरुणांना होतो आणि त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य इलाज, नळ्या इतक्या बारीक ठिकाणी बंद होतात की बायपास जोडायला जागाच सापडत नाही. अण्णा त्याच्याशी रात्री बराच वेळ बोलायचे.

आता एक मार्क का कापला. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी नऊला घरी जा म्हटलं आणि बिलिंग संपलं संध्याकाळी साडेचारला, ताज्या जखमेचा म्हातारा माणूस तेवढा वेळ खुर्चीत. शुगरच्या पेशंटच्या ताटात दोनदा गोड शिरा आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवव्या दिवशी रात्री जांघेतल्या टाक्यातून पाणी यायला लागलं, डिस्चार्ज कार्डवरचा इमर्जन्सी नंबर कोणी उचलला नाही, शेवटी गाडी करून पुण्याला गेलो. तिथे पोचल्यावर ज्युनियर डॉक्टरने नीट बघितलं, इन्फेक्शन नव्हतं, पण ते तीन तास मी विसरणार नाही. जांघेतली जखम ही ह्या ऑपरेशनची नाजूक जागा आहे हे त्यांना माहीत असतं, तर मग नंबर उचलणारा माणूस ठेवायलाच हवा. मी लेखी दिलंय.

खर्च जनरल वॉर्डात सगळं मिळून दोन लाखांच्या थोडा वर गेला, सीटी धरून. महात्मा फुले योजनेतून काही होतंय का ते आरोग्यमित्राच्या काउंटरवर ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, आम्ही कागद उशिरा गोळा केले आणि ते राहून गेलं. पहिल्यांदा जाताना जुने सगळे रिपोर्ट, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट (सीटीच्या डायसाठी लागतोच) आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. ऑपरेशननंतर पाय सुजतो, आम्ही घाबरलो होतो, ते बहुतेकांना होतं आणि हळूहळू उतरतं, पण दाखवून घ्या. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची, मनाने बंद करायची नाही.

जखम भरायला अकरा आठवडे लागले. एक, तीन आणि सहा महिन्यांचं डॉप्लर झालं, सहाव्या महिन्यात जोडाच्या एका ठिकाणी थोडं अरुंद दिसतंय म्हणून पुढचं वर्षाऐवजी नवव्या महिन्यालाच बोलावलंय, वाढलं तर तिथे बलून करतील. अण्णा रोज डेअरीला जातात, पारावर अजूनही बसतात पण आता गप्पा मारायला.