सॉलिड टॉपची गिटार, ठाण्याचा पावसाळा आणि काळी चार

गुढीपाडव्याला घेतलेल्या गिटारने आता दिवाळीही पाहिली. म्हणजे एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिने कोपरीतल्या आमच्या घरात काढला. खाडी जवळ, बाहेरच्या भिंतीला ओल, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी. लाकडी वाद्याची परीक्षा घ्यायला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. दुकानात पाच मिनिटं वाजवून लिहिलेले अभिप्राय पुष्कळ आहेत, म्हणून हा उशिराचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. पंधरा-सोळा हजारांत मिळणाऱ्या या जातीच्या गिटारी अंगकाठीने सारख्या असतात आणि त्यांच्या खोडीही सारख्याच.

वाद्य असं: ऑडिटोरियम आकार, स्टीलच्या तारा, वरची फळी म्हणजे टॉप सॉलिड, म्हणजे एकसंध, स्प्रूस लाकडाचा, पाठ आणि बाजू लॅमिनेटच्या (साध्या भाषेत प्लायच्या), फिंगरबोर्ड शिसवीचा. दुकानदार ड्रेडनॉट घ्या म्हणून मागे लागला होता. तो मोठा, चौकोनी खांद्यांचा आकार मार्टिन कंपनीने 1916 मध्ये डिट्सन या दुकानासाठी पहिल्यांदा बनवला आणि 1906 च्या ब्रिटिश युद्धनौकेचं नाव त्याला दिलं. आवाज दणदणीत, खर्ज भरगच्च. पण माझ्या हॉलमध्ये आधीच टीव्ही, कुकर आणि वरच्या मजल्यावरची पोरं असतात, त्यात युद्धनौका कशाला? शिवाय ड्रेडनॉट अंगाने जाड असते, बसून वाजवताना उजवा खांदा वर चढतो. ऑडिटोरियमची कंबर बारीक, मांडीवर नीट बसते, आणि रविवारी लोकलने भाच्याकडे डोंबिवलीला न्यायची तरी शेजारचा खेकसत नाही.

मी मूळचा पेटीवाला. सोसायटीच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं साथ करतो. त्यामुळे गिटारकडे माझं पहिलं मागणं साथीचंच होतं, आणि तिथे तिने पूर्ण गुण मिळवले. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवलं की पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी), तिसऱ्यावर सरकवला की काळी पाच. सी च्या आकारात पहिल्यावर काळी एक. मंडळातल्या बायका काळी चार-पाचला गातात, आमचे जोशीकाका काळी एकच्या वर जात नाहीत. सगळ्यांची सोय एका चिमट्यात. दादऱ्याला अंगठ्याने खर्जाची तार आणि मग बोटांनी वरच्या तीन तारा दोनदा, एवढ्यावर अर्धी भावगीतं निघतात. कहरव्याला पिक (तारा छेडायची चकती) घेऊन खाली-खाली-वर. अंगठा दोन खर्जाच्या तारांवर आळीपाळीने चालवून तर्जनीने वर चाल वाजवायची ती अमेरिकेतल्या केंटकीची पद्धत, मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या नावाने ओळखली जाणारी, अजून हातात बसतेय. अंगठा स्वतंत्र चालायला लागला की एकटा माणूस दोघांसारखा वाजतो.

आता गंमत गंधाराची. फ्रेट ठोकताना सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, प्रत्येक पुढची लांबी आधीच्या लांबीला 1.0595 ने भागून. त्यामुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा लागतो. पेटीचंही तेच दुखणं. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दूर ठेवलं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच. पण पेटीचा सूर काही केल्या खाली येत नाही, गिटारचा येतो. जी च्या आकारात षड्ज जी धरला की दुसरी, म्हणजे बी ची तार मोकळी सोडली की तोच गंधार. ट्यूनर बाजूला ठेवून, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून ती तार अगदी किंचित उतरवा. कॉर्ड छेडल्यावर थरथर थांबते आणि आवाज एकदम शांत होतो. मात्र त्याच तारेवर सी कॉर्डचं बोट ठेवलं की मध्यम उतरलेला कळतो. म्हणून एकाच सुरावर रेंगाळणाऱ्या अभंगापुरतं हे ठीक, चार कॉर्डच्या गाण्यात नको.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असेल तर तार ओढून अर्धा-पाऊण सूर मिळतो, पुढे बोट सोलतं. खरी मींड गिटार मांडीवर आडवी ठेवून वरून स्टीलचा दांडा सरकवण्यात आहे. ही हवाईची पद्धत, तिचं श्रेय 19 व्या शतकाच्या अखेरच्या जोसेफ केकुकूला देतात. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी त्याच हवाईयन गिटारवर राग वाजवले आणि विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली. त्यांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळाला. मी नटवर (मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीवर) बसणारी, तारा उचलून धरणारी छोटी लोखंडी पट्टी आणून पाहिली. चालते, पण आवाज पातळ. या कामाला जाड तारांची वेगळी गिटारच हवी.

तक्रारीचा मुद्दा अ‍ॅक्शनचा, म्हणजे फ्रेटपासून तारेच्या उंचीचा. नवीकोरी आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर खर्जाची तार 3.2 मिमी वर होती. नटच्या खाचाही उथळ, त्यामुळे एफ कॉर्ड दाबताना तर्जनीवर चर पडायचे. नवशिके इथेच गिटार सोडतात आणि आपल्याला जमत नाही म्हणतात. ठाण्यातल्याच एका कारागिराने नटच्या खाचा कानशीने खोल केल्या आणि सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, खालून घासली. सॅडल 1 मिमी कमी केली की बाराव्या फ्रेटवर तार निम्मीच, 0.5 मिमी उतरते, म्हणून तो थोडं घासायचा, तारा चढवायचा, मोजायचा, परत काढायचा. खर्जाची तार 2.5 वर थांबवली. हजार-बाराशे गेले, पण हाताला वेगळंच वाद्य लागलं. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.

मग जुलै. सॉलिड लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं. ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे फूटपट्टी आडवी ठेवली तर मध्ये टेकायची आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसायचा. टॉप फुगला, त्याबरोबर ब्रिज उचलला आणि अ‍ॅक्शन पुन्हा 3 च्या जवळ. आवाजही बसका, ओल्या तबल्यासारखा. घाबरून ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, पिळू नका. तो मानेचा बाक सांभाळतो, फुगलेल्या टॉपशी त्याला घेणंदेणं नाही. मी गिटार भिंतीवरून उतरवून बॅगेत ठेवली, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि स्वस्तातला आर्द्रतामापक आत सोडला. बाहेर 85-90 टक्के असताना आत 60 च्या आसपास राहिलं. वाद्याला 45 ते 55 मानवतं, पण खाडीकाठी एवढ्यावर समाधान मानावं. नवरात्रापर्यंत टॉप खाली बसला. साध्या ब्रॉन्झ तारा पावसाळ्यात तीन आठवड्यांत काळ्या पडतात. कोटिंगवाल्या दुप्पट-तिप्पट महाग, पण गणपतीपर्यंत टिकल्या.

इतका त्रास, मग सगळीच प्लायची का नाही घेतली? कारण आवाज टॉपचा असतो. मोबाइलचा टॉर्च लावून भोकातून आत पाहिलं की टॉपच्या खाली फुलीसारख्या दोन पट्ट्या दिसतात. जर्मनीतून 1833 मध्ये अमेरिकेला गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या कारखान्यात 1840 च्या दशकात ही मांडणी रुळली, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारांचा साधारण 70 किलोंचा ताण त्याच फुलीने पेलला. स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेसने नायलॉन-गिटारच्या आजच्या घराण्याचा पाया घातला. त्याची मांडणी पंख्यासारखी. त्याने 1862 मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, टॉप मात्र चांगल्या लाकडाचा. जे सिद्ध करायचं ते झालं; ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त पाठ-बाजूचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी 52 वादकांना, डोळ्यांना दिसणार नाही अशा बेताने, वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडात त्यांना फारसा फरक सांगता आला नाही.

म्हणून दुकानात पाठीच्या रोझवूडचं कौतुक सुरू झालं की मी कान बंद करतो. तो रोझवूड म्हणजे बहुतेकदा आपलाच शिसव. ब्राझीलचा मिळेनासा झाल्यावर 1969 पासून मार्टिननेही भारतीय लाकूड धरलं. अभिमान जरूर वाटावा, पण या किमतीत त्याचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. ते सॉलिड टॉपला आणि कारागिराला द्यावेत. घर वरळी-कुलाब्यासारखं समुद्रावर असेल किंवा गिटार भिंतीवरच टांगून ठेवायची असेल, तर मात्र सगळी लॅमिनेट घ्या, डोक्याला ताप नाही.

बाकी किरकोळ. ट्यूनिंगच्या खुंट्या सूर धरून ठेवतात. बॅगेची चेन सप्टेंबरमध्ये गंजली. पट्ट्याचं दुसरं बटण दिलेलं नाही, ते बसवून घ्यावं लागतं. ऑगस्टमध्ये कारागिराने फुगलेल्या टॉपसाठी आणखी घासलेली एक सॅडल करून दिली आणि आधीची पाकिटात घालून परत दिली. आता हवा कोरडी होतेय, सहावी तार करकरायला लागली आहे, तेव्हा या रविवारी तारा काढून तीच उंच सॅडल परत बसवायची आहे.