ऑफिसचं टॅली घरून चालवायचंय: एनीडेस्क, वायरगार्ड की टेलस्केल?

वीस तारीख जवळ आली की सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांतून एकच विचारणा सुरू होते. जीएसटीआर-३बी भरायचंय, रात्री घरून बसायचंय, ऑफिसचं मशीन घरच्या लॅपटॉपवर दिसेल असं काहीतरी करून द्या. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते करून देणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. इंटरनेट लावायला आलेला मुलगा राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून देतो, हार्डवेअरवाला एनीडेस्क हे दुरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकून जातो, डीलर फायरवॉलची पेटी विकतो. पहिल्या दिवशी तिन्ही झकास चालतात.

हा आढावा पाच ते पंधरा माणसांच्या ऑफिससाठी आहे. पूर्णवेळ आयटीवाला नाही, टॅलीचा डेटा एका विंडोज मशीनवर आहे आणि दोन-चार जणांना बाहेरून काम करायचंय, अशांसाठी. निवड करताना मी दोनच प्रश्न विचारतो. तुमच्या लाइनला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट गाठता येणारा स्वतःचा पत्ता, आहे का? आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच संध्याकाळी कोण बंद करणार? वेग, किंमत, फीचर्स सगळं नंतर. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘बघू’ हेच उत्तर मिळतं, आणि माझी शिफारस त्या ‘बघू’वरच बेतलेली आहे.

आधी लाइन तपासा

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो पत्ता दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच लाइनवरून गूगलला ‘व्हॉट इज माय आयपी’ विचारा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पब्लिक आयपी तुमच्याकडे आहे. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने बरीच गिऱ्हाइकं एकाच पब्लिक आयपीमागे बसवली आहेत. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पत्ता देतात, अर्थ तोच. १९२.१६८ दिसला तर तुमच्या राउटरच्या आधी फायबरचा डबा स्वतःच राउटर बनून बसलाय, तेव्हा त्या डब्यात जाऊन बघा.

सीजीनॅट असेल तर बाहेरून आत येणारं कनेक्शन तुमच्यापर्यंत पोचतच नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. बऱ्याच कंपन्या ज्यादा पैसे घेऊन स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी देतात. तो घ्यायचा की नाही, हे खालचं वाचून ठरवा.

पोर्ट उघडून सरळ रिमोट डेस्कटॉप

करू नका. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा (दुसरं मशीन आपल्या पडद्यावरून चालवायची सोय) पोर्ट ३३८९ आहे हे तुम्हाला माहीत नसेल, पण दिवसभर इंटरनेट चाळत बसणाऱ्या स्क्रिप्टना माहीत आहे. २०१९ च्या मे महिन्यात ‘ब्लूकीप’ नावाची खोट उघडकीला आली. तिच्यात पासवर्डसुद्धा लागत नव्हता, आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हा कधीच बंद पडलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. ‘आम्ही ३३८९ बदलून दुसरा नंबर ठेवलाय’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. नंबर बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, शोधणाऱ्याला अडत काही नाही. टॅलीच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचं एक्स्टेन्शन रातोरात बदलून शेजारी खंडणीची चिठ्ठी सापडते, त्यातली बरीच प्रकरणं याच वाटेने आत आलेली असतात.

एनीडेस्क आणि तत्सम

यांची सोय मोठी आहे. सीजीनॅट असो, हॉटेलचं वायफाय असो, नंबर टाकला की स्क्रीन समोर. सॉफ्टवेअरवाल्याला पाच मिनिटं मशीन दाखवायचं असेल तर याहून सोपं काही नाही. रोजच्या कामाचं दार म्हणून मात्र मला ते पटत नाही. समोर कुणी नसताना मशीन उघडायला एक पासवर्ड ठेवावा लागतो, आणि तो सहा महिन्यांत अख्ख्या ऑफिसला पाठ होतो. सोडून गेलेल्यालाही तो पाठच असतो. शिवाय फुकटची आवृत्ती घरगुती वापरापुरती आहे. ऑफिसचा वापर लक्षात आला की सेशन मध्येच तुटायला लागतं, आणि ते नेमकं वीस तारखेलाच होतं.

रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत याच ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. दोष ॲपचा नव्हता, फोनवर गोड बोलून नंबर काढून घेणाऱ्यांचा होता. पण ज्या ऑफिसात एनीडेस्क रोज उघडं असतं तिथे ‘बँकेतून बोलतोय, नंबर सांगा’ म्हणणाऱ्याचं काम सोपं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द कंपनीनेच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि वेबसाइटवरचे पासवर्ड रद्द केले. मदतीपुरतं ठेवा, मदत झाली की बंद करा.

फायरवॉलची पेटी

चांगली वस्तू आहे: इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामध्ये पहारा देते आणि घरून येणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद वाट, देते. पण दरवर्षीचं नूतनीकरण भरणार असाल तरच. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्टिनेटच्या सुमारे ८७,००० पेट्यांचे व्हीपीएन पासवर्ड बाहेर फिरत असल्याचं कंपनीने स्वतः सांगितलं. ज्या भोकातून ते गेले त्याची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती, लोकांनी टाकली नव्हती. सेकंड हँड पेटी, संपलेलं लायसन्स आणि चालू व्हीपीएन हा संच डीलरने स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका.

वायरगार्ड

आता खऱ्या निवडीकडे. वायरगार्ड हा टनेल आहे, म्हणजे इंटरनेटवरून दोन मशीनमधली कुलूपबंद वाट. २०२० च्या मार्चमध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात), आवृत्ती ५.६ मध्ये आला. मूळ कोड साधारण चार हजार ओळींचा, म्हणजे एका माणसाला बसून वाचता येईल इतका. यूडीपीवर चालतो, सहसा पोर्ट ५१८२०. त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे अबोला: ओळखीची ‘की’ (गुप्त डिजिटल चावी) नसलेल्या पाकिटाला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. पोर्ट उघडावा लागतो, पण ३३८९ उघडणं आणि हा उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये तो आहे. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये सहसा नसतो. दरमहा शुल्क नाही, मधे कुठली कंपनी नाही. पब्लिक आयपी आहे आणि नेटवर्क कळणारा माणूस हाताशी आहे, तर मी हाच लावतो.

पण लावताना तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं म्हणजे पत्त्यांची टक्कर. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ आणि घरचंही तेच. टनेल जोडला जातो, पण ऑफिसचा सर्व्हर शोधणारं पाकीट घरच्याच वायफायवर घुटमळत राहतं. ऑफिसचा पट्टा आधीच बदलून १९२.१६८.७३ सारखा कुणाच्या घरी नसेल असा करा. प्रिंटरचे पत्ते पुन्हा भरावे लागतात, अर्धा दिवस जातो, पण तो नंतर जाण्यापेक्षा आधी गेलेला बरा.

दुसरं, पिंग (मशीन जागं आहे का ते विचारणारं छोटं पाकीट) जातो पण रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळाच राहतो. ही बहुतेक वेळा एमटीयूची, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याची, गोष्ट असते. वायरगार्ड १४२० धरून चालतो. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई लाइनवर मुळात १५०० ऐवजी १४९२ च मिळतात, म्हणून टनेलला १४१२ द्यावे लागतात. छोटी पाकिटं सुखरूप जातात, मोठी वाटेत पडतात. १४१२ वरही अडलं तर १२८० करून बघा.

तिसरं सगळ्यात नेहमीचं. एकच कॉन्फिग फाइल व्हॉट्सॲपवर तिघांना पाठवली जाते. वायरगार्ड एका कीला एकच ठिकाण लक्षात ठेवतो, शेवटचं पाकीट जिथून आलं ते. त्यामुळे एक जण जोडला की दुसरा तुटतो, दुसऱ्याने माउस हलवला की पहिला, आणि शिव्या इंटरनेट कंपनीला पडतात. माणसामागे नव्हे, उपकरणामागे एक की, हा नियम मोडायचा नाही.

पब्लिक आयपी आहे पण बदलता, तर डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या आयपीचा माग ठेवणारं कायमचं नाव) वापरता येतं. मात्र वायरगार्ड ते नाव सुरू होतानाच एकदा विचारतो. आयपी मध्येच बदलला तर टनेल बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. सीजीनॅट असेल तर मुंबई किंवा बेंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन दोन्ही बाजूंनी तिथे जोडता येतं, दर २५ सेकंदांनी जागतं ठेवणारं पाकीट पाठवून. छान चालतं. पण मग सांभाळायला आणखी एक लिनक्स मशीन आलं.

आणि तो दुसरा प्रश्न. वायरगार्डमध्ये युजरनेम नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. की असलेली फाइल ज्याच्या लॅपटॉपवर, तो आत. काढायचं तर राउटरमध्ये जाऊन नेमका त्याचा पीअर (त्या कीची नोंद) उडवायचा. कुठली की कुणाची, हे लिहून ठेवलेलं हवं. ज्याने राउटर लावला तो परगावी असेल तर फोन करा, वाट बघा.

टेलस्केल

आतला टनेल वायरगार्डचाच. टेलस्केल त्याच्यावर की वाटण्याचं आणि वाट शोधण्याचं काम करतं. पब्लिक आयपी लागत नाही, पोर्ट उघडावा लागत नाही. दोन्ही मशीन आतून बाहेर जातात आणि शक्य झालं तर एकमेकांना थेट गाठतात. दोन्हीकडे कडक सीजीनॅट असेल तर डेटा कंपनीच्या रिले सर्व्हरमार्गे जातो. एन्क्रिप्शन टोकापासून टोकापर्यंतच राहतं, वेग मात्र घटतो. स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ दिसतंय की ‘रिले’, ते आधी बघा आणि मग वेगाबद्दल तक्रार करा.

लॉगिन गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने होतं, म्हणजे तिथली दोन टप्प्यांची पडताळणी आपोआप इथेही लागू होते. माणूस सोडून गेला की मालक मोबाइलवरूनच ॲडमिनच्या पानावर जाऊन त्याला काढू शकतो. नुसतं त्याचं मेल खातं बंद करून थांबू नका, कारण आधीच जोडलेला लॅपटॉप त्याची की संपेपर्यंत जोडलेला राहू शकतो. इथून काढलं की संपलं.

कीची मुदत डिफॉल्टने १८० दिवस असते. सर्व्हरसाठी ती बंद केली नाही, तर सहा महिन्यांनी एका सकाळी सगळं ठप्प होतं आणि काय बदललं ते कुणालाच आठवत नाही. दुसरं, सुरुवातीला सगळी उपकरणं एकमेकांना दिसतात. ॲक्सेसच्या नियमांत जाऊन स्टाफला फक्त सर्व्हरचा ३३८९ ठेवा, बाकी बंद. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांच्यावर सॉफ्टवेअर टाकता येत नाही, त्यांच्यासाठी ऑफिसातल्या एखाद्या मशीनला सबनेट राउटर, म्हणजे त्यांच्यापर्यंतची वाट देणारं मशीन, करा. डीव्हीआरचे पोर्टही मग बंद करता येतील.

खोट आहेच. तुमच्या की कोणाला वाटायच्या हे बाहेरची कंपनी ठरवते आणि शुल्क माणशी, महिन्याला, डॉलरमध्ये. ज्याला हे पचत नाही त्याने हेडस्केल (की वाटणाऱ्या सर्व्हरचा मुक्त पर्याय) स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं. मात्र ते चालवू शकणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नसावी.

कोणताही घ्या, टॅलीचं फोल्डर टनेलमधून उघडू नका

नेटवर्क ड्राइव्ह घरी मॅप करून टॅली घरच्या लॅपटॉपवर चालवायचा मोह होतो. ऑफिसच्या लॅनवर जे एका झटक्यात उघडतं ते इंटरनेटवरून रांगत उघडतं, आणि लिहिताना लाइन तुटली तर कंपनीचा डेटाच बिघडू शकतो. टनेल जोडा, त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप घ्या, टॅली ऑफिसच्याच मशीनवर चालू द्या. वाटेने फक्त पडद्याचं चित्र जाईल.

त्यासाठी ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो लागतं, होम आवृत्ती बाहेरचं कनेक्शन घेत नाही. प्रोवरही एका वेळी एकच माणूस. तुम्ही घरून शिरलात की ऑफिसातल्या ताईंचा स्क्रीन लॉक. तिघांना एकदम हवं असेल तर प्रत्येकाने आपापलं ऑफिसचं मशीन चालू ठेवून त्यावर जायचं, नाहीतर विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्स. कुणी एक फाइल टाकून प्रोवर फुकटात अनेक सेशन उघडून देत असेल, तर ते लायसन्सच्या बाहेर आहे आणि विंडोजच्या पुढच्या अपडेटला मोडण्याची शक्यता भरपूर.

‘व्हीपीएनवर सरकारची बंदी आहे ना?’ असंही विचारलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगतात. कंपनीने आपल्या माणसांसाठी चालवलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, हे नंतरच्या खुलाशात स्पष्ट केलं गेलं. त्याच निर्देशांतली सहा तासांची अट मात्र लक्षात ठेवा: रॅन्समवेअर वगैरे घडलं तर तेवढ्यात कळवायचं आहे.

मी काय निवडेन

आयटीचा माणूस नाही आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ आहे, तर टेलस्केल आणि आतून रिमोट डेस्कटॉप. त्यासाठी स्टॅटिक आयपीचे पैसे घालवू नका. पब्लिक आयपी, चांगला राउटर आणि फोन उचलणारा नेटवर्कवाला, तिन्ही असतील तर वायरगार्ड, आणि कीची यादी मालकाच्या कपाटात. एक जणच, तोही फक्त रिपोर्ट बघायला बाहेरून येणार असेल तर टॅलीचं टीएसएस (टॅलीच्या सेवांचं सदस्यत्व) चालू आहे का ते आधी बघा. त्यातली दूरून लॉगिनची सोय पुरेल, फक्त ऑफिसात टॅली आणि ती कंपनी उघडी लागते.

महावितरणची वीज गेली तर यातलं काहीच चालत नाही, म्हणून दोन सेटिंग लावून ठेवा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो ऑन करा. टेलस्केल घेतलं असेल तर विंडोजवरच्या त्याच्या मेनूत ‘रन अनअटेंडेड’वर टिक करा, नाहीतर मशीन चालू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबतं आणि कुणी लॉगिन करेपर्यंत टनेल जोडला जात नाही. मग शनिवारी दुपारी, सगळे घरी गेल्यावर, मेन स्विच एकदा पाडा, परत चालू करा आणि मोबाइलचं वायफाय बंद करून बाहेरून सर्व्हर गाठून बघा.