स्टोइक, एपिक्युरस, ॲरिस्टॉटल की सॉक्रेटिस: विद्यार्थ्याला कोणाचा उपयोग जास्त?

ग्रीक तत्त्वज्ञानातलं काही रोजच्या अभ्यासात उपयोगी पडेल का, असं विचारलं की हल्ली बहुतेक जण स्टोइकांचं नाव घेतात. सल्ला वाईट नाही, पण औषध देण्याआधी दुखणं विचारायला हवं. परीक्षेची भीती, इतरांशी सतत होणारी तुलना, अभ्यासाला न बसणं आणि बसूनही न समजणं ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि या चौघांपैकी प्रत्येक जण त्यातल्या एकावर विशेष चालतो.

भीती वाटत असेल तर

स्टोइक पंथाचा झेनो इ.स.पू. 300 च्या सुमारास अथेन्समध्ये एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत शिकवायला लागला. विद्यार्थ्याला मात्र त्याच्यानंतर सुमारे चार शतकांनी झालेला एपिक्टेटस जास्त जवळचा वाटेल. तो जन्माने गुलाम होता. पुढे त्याने निकोपोलिसला शाळा चालवली आणि ॲरियन नावाच्या विद्यार्थ्याने त्याचं बोलणं उतरवून ठेवलं.

आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते आधी वेगळं करा, ही त्याची मुख्य शिकवण. भीतीबद्दल तो एका लायरवादकाचं (लायर म्हणजे एक ग्रीक तंतुवाद्य) उदाहरण देतो. एकटा असताना हा माणूस निर्धास्तपणे गातो. नाट्यगृहात पाऊल टाकलं की घाबरतो, कारण तिथे त्याला नुसतं चांगलं गायचं नसतं, टाळ्याही हव्या असतात. आणि टाळ्या देणं लोकांच्या हातात असतं. विषय येत असूनही तोंडी परीक्षेआधी ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने हे उदाहरण जरूर वाचावं. परीक्षकाचं मत आपल्या ताब्यात नाही. समोरचा प्रश्न नीट ऐकणं आहे.

धोका एकच, पण मोठा. ‘निकाल आपल्या हातात नाही’ हे वाक्य न केलेल्या अभ्यासावर पांघरूण घालायला फार सोयीचं पडतं. अभ्यास तर हातातच होता! तसंच, गुणांची बेरीज चुकली असेल तर फेरतपासणीचा अर्ज करणंही हातात असतं. गप्प बसून सोसणं म्हणजे स्टोइकपणा नव्हे.

तुलना खात असेल तर

एपिक्युरसने इ.स.पू. 306 च्या सुमारास अथेन्समध्ये एका बागेत शाळा काढली. तिथे स्त्रिया आणि गुलामही शिकत. चैनीचा पुरस्कर्ता म्हणून तो बदनाम झाला, प्रत्यक्षात साधी भाकरी आणि पाणी पुरेसं मानणारा माणूस होता. इच्छांचे तो तीन गट करतो: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरज नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या. झोप, जेवण, मित्र हे पहिल्या गटात. पहिला नंबर आणि चारचौघांतला बोलबाला तिसऱ्यात, कारण त्यांना ‘पुरे’ म्हणायची जागाच नसते. तिसऱ्या गटासाठी पहिल्यातली झोप विकणाऱ्या विद्यार्थ्याला एपिक्युरससारखा सल्लागार नाही.

पण लोकांच्या नजरेत न येता जगावं, असंही तो सांगतो. मोजक्या जागांसाठी स्पर्धेत उतरलेल्याला तो अर्धाच पुरेल.

अभ्यासाला बसणंच होत नसेल तर

इथे ॲरिस्टॉटल हवा. सतराव्या वर्षी तो प्लेटोच्या अकादमीत आला आणि सुमारे वीस वर्षं राहिला, म्हणजे शिकणाऱ्याचं आयुष्य त्याने स्वतः भरपूर जगलं होतं. तो म्हणतो, लायर वाजवून माणूस लायरवादक होतो आणि धाडसाची कामं करून धाडसी होतो. म्हणजे ‘मूड आला की बसेन’ हा क्रमच उलटा आहे. आधी बसायचं, आवड मागून येते.

किती वेळ बसायचं? त्याचा सुवर्णमध्य म्हणजे सरासरी नव्हे. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी होत असेल, तर सर्वांना सहा द्यावं असं ठरत नाही. मायलो या मल्लाला तेवढं अपुरं पडेल आणि नवशिक्याला जड जाईल, असं तो सांगतो. मित्र रोज आठ तास वाचतो म्हणून आपणही आठ तास वाचायचं, याला ॲरिस्टॉटलचा आधार मिळणार नाही.

याच विषयावर तो सॉक्रेटिसशी उघड भांडतो. जाणूनबुजून कोणी चुकीचं वागत नाही, वागला तर त्याला ते खरं कळलेलंच नसतं, हे सॉक्रेटिसचं मत. उद्या पेपर आहे हे माहीत असूनही मोबाइल खाली न ठेवणाऱ्याला हे कसं पटावं? ॲरिस्टॉटलचं उत्तर मला जास्त खरं वाटतं: ज्ञान असतं, पण दारू पिऊन कविता म्हणणाऱ्याकडे असतं तसं. नवशिके विद्यार्थीही वाक्यं बरोबर म्हणतात, पण ती अंगात मुरायला वेळ लागतो, असं तो पुढे म्हणतो.

(गुलाम आणि स्त्रियांबद्दलची त्याची मतं मात्र खुशाल बाजूला ठेवावीत. तिथे एपिक्युरस त्याच्या कितीतरी पुढे होता.)

वाचूनही समजत नसेल तर

मग सॉक्रेटिस. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात तो एका गुलाम मुलाला विचारतो: दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा बाजू दुप्पट करतो. क्षेत्रफळ चौपट होतं. मग तीन फूट म्हणतो, आठऐवजी नऊ चौरस फूट होतात. शेवटी ‘मला माहीत नाही’ म्हणतो, आणि सॉक्रेटिसच्या मते आता तो आधीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे. तिथून मुलगा चौरसाच्या कर्णापर्यंत पोचतो: त्या कर्णावर काढलेला चौरसच दुप्पट भरतो. गट अभ्यासात एकमेकांना असं ‘का?’ विचारत गेलं की घोकंपट्टी लगेच उघडी पडते. मात्र ही रीत वेळखाऊ आहे, पेपरच्या आदल्या रात्रीसाठी नाही.

एकच निवडायचा तर बहुतेकांना मी ॲरिस्टॉटल सुचवेन. पुष्कळदा भीती ही न झालेल्या सरावाचीच असते, आणि तिथे स्टोइक विचार नुसता वरवरचा दिलासा देतो. तयारी पूर्ण असूनही हात कापत असतील, तर मात्र थेट एपिक्टेटस. ॲरिस्टॉटल आणि सॉक्रेटिस, भांडण असलं तरी, एका वेळापत्रकात सुखाने नांदतात. स्टोइक आणि एपिक्युरस यांचं जमवताना जपावं लागेल: सुख हेच ध्येय, हे एपिक्युरसचं म्हणणं स्टोइकांना मुळातच अमान्य आहे.

वाचायला एपिक्टेटसची छोटी मार्गदर्शिका सर्वांत सोपी. एपिक्युरसचं मेनोइकेअसला लिहिलेलं पत्र काही पानांचंच आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’चे दहा भाग आहेत, सवयीबद्दलचा दुसरा आधी वाचावा, मग कळूनही न वळणाऱ्यांबद्दलचा सातवा.