लिब्राफेमिनिन की एजेंडरफ्लक्स?

तलावपाळीला चक्कर मारताना माझ्या भाचरानं विचारलं, "मावशी, बहुतेक वेळा मला कुठलंच लिंग जाणवत नाही, पण अगदी कोरंही वाटत नाही. मग मी लिब्राफेमिनिन की एजेंडरफ्लक्स?"

आधी स्थिरता. लिब्राफेमिनिन म्हणजे बराचसा भाग लिंगविरहित, सोबत स्त्रीत्वाचा बारीक पण टिकून राहणारा धागा. तो पुरुषत्वाचा असेल तर लिब्रामॅस्क्युलिन. एजेंडरफ्लक्स व्यक्तीही बहुतांशी लिंगविरहितच, पण अधूनमधून दुसरं लिंग जाणवतं आणि ओसरतं.

मराठीत खरी कसोटी क्रियापदाची. 'मी गेलो' की 'मी गेले', तोंड उघडलं की ठरवावंच लागतं. धागा स्थिर असेल तर एक रूप पक्कं करता येतं. एजेंडरफ्लक्समध्ये ते बदलावंसं वाटू शकतं आणि घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगताना जीव दमतो. मला काळजी याचीच वाटते. कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो' म्हणतात, हे ऐकून मात्र भाचरू खुललं.

कागदपत्रांत दोन्हींची गत सारखीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी नेहमीच्या अर्जांवर या शब्दांना रकाना नसतो.

स्त्रीत्वाची जाणीव महिनोन्महिने तशीच राहत असेल तर लिब्राफेमिनिन घ्यावं. खाडीसारखी भरती-ओहोटी असेल तर एजेंडरफ्लक्स. उमजेपर्यंत नुसतं 'एजेंडर', म्हणजे लिंगविरहित, म्हटलं तरी चालेल, असं मी त्याला सांगितलं.