पिण्याचं शिंग: दीड वर्ष वापरल्यावर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बायकोच्या वाढदिवसाला हे शिंग मागवलं. म्हशीचं काळंभोर शिंग, टोकाकडे जराशी तांबूस झाक, तोंडाला पितळेची पट्टी, सोबत अडकवायला चामड्याचा पट्टा. ऑनलाइन ३४९ डॅनिश क्रोनरला मिळालं. जाहिरातीत अर्धा लिटर लिहिलं होतं. मी घरच्या मापानं मोजलं, तर काठोकाठ ४२० मिलिलिटर भरलं. तेव्हापासून जवळजवळ दर गुरुवारी ते आमच्या हातात असतं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आम्ही डेन्मार्कमध्ये आरहूसला राहतो. मी सांगलीचा, बायको इथलीच. ती आसात्रो पाळते, म्हणजे थोर, ओडिन, फ्रेया, फ्रेयर या इथल्या जुन्या देवांना मानते. साधारण ९६५ साली हाराल्ड ब्लूटूथ राजानं येलिंगच्या मोठ्या शिळेवर 'डेन लोकांना ख्रिस्ती केलं' असं कोरून ठेवलं. पुढे या देवांची उघड पूजा लोपली. आज जे पाळतात त्यांनी ते जुन्या आइसलँडिक पोथ्या, उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि गावाकडच्या उरल्यासुरल्या रीतीभाती यांच्या आधारानं पुन्हा उभं केलंय, आणि बायको हे कधी लपवत नाही. डेन्मार्कमध्ये त्यांची 'फॉर्न सिद' नावाची संस्था आहे. १९९७ ची स्थापना, आणि २००३ पासून तिला लग्न लावायचा अधिकारही आहे. वर्षातून काही वेळा सगळे जमून ब्लोत करतात, म्हणजे देवांना अर्पण करून सोबत खाणंपिणं.

पण तिची खरी भक्ती घरात चालते. खिडकीच्या कट्ट्यावर बर्चचा एक ओंडका, त्यावर थोरची छोटी हातोडी, मेणबत्ती, समुद्रकाठी सापडलेला, मधोमध आपोआप भोक पडलेला दगड आणि एक वाटी. आमच्या देवघरापेक्षा जागा कमी, शिस्त तेवढीच. गुरुवार थोरचा, डॅनिशमध्ये त्या वाराच्या नावातच थोर आहे. त्या संध्याकाळी ती शिंगात म्योद ओतते, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य. तेव्हा हे शिंग भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून घेतलेलं नाही. आमच्याकडे ते पूजेचं भांडं आहे आणि मी त्याच मापानं त्याला जोखतोय.

आधी तक्रारी. आतून लावलेल्या लॅकरला वास होता. चार दिवस खायच्या सोड्याचं पाणी भरून ठेवलं तरी गेला नाही. त्याहून वाईट म्हणजे रून, म्हणजे इथली जुनी कोरायची अक्षरं. 'अस्सल वायकिंग रूनमध्ये तुमचं नाव' असं म्हणून जादा पैसे घेतले आणि लेझरनं इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेक अक्षर उचलून २४ खुणांच्या जुन्या लिपीत बसवून दिलं. वायकिंग काळात इथे १६ खुणांची लिपी चालायची आणि लोक उच्चाराप्रमाणे लिहायचे. बायकोनं बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, "हे नाव माझं नाही. कुणाचंच नाही." २०१४ मध्ये लोलंड बेटावर कोबेलेव्ह इथे थोरच्या हातोडीचं एक ताईत सापडलं. त्यावर रूनमध्ये एवढंच लिहिलंय की ही हातोडी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं इतकं साधं लिहिलं, आणि ते अजून वाचता येतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. विक्रीच्या पानावर 'नॉर्डिक कारागिरांच्या हातचं' असं लिहिलं होतं आणि खोक्याच्या तळाशी पॅकिंगची चिठ्ठी निघाली: संभल, उत्तर प्रदेश. संभल हे शिंग आणि हाडांच्या कामाचं नावाजलेलं गाव. काम खरोखर उत्तम आहे. कडा ओठाला कुठे टोचत नाही, जाडी सगळीकडे सारखी, पॉलिश असं की दीड वर्षात डाग नाही. चुकलंय ते विकणाऱ्याकडून, लॅकर आणि रून दोन्ही त्यानंच नंतर चढवलेले. मग संभलचं नाव अभिमानानं लिहायला काय हरकत होती? बायकोला तर ते कळल्यावर जास्तच आवडलं. तिचं म्हणणं, वायकिंगही दूरदूरच्या वस्तू घरी आणायचेच.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "गाईचं नाही ना?" म्हशीचं म्हटल्यावर तिनं ते नीट पाहिलं. आजोबांच्या देवघरात महादेवाच्या अभिषेकाला शिंगाच्या आकाराचं छोटं पात्र होतं, त्याची तिला आठवण झाली.

परत पाठवायचा विचार होता, पण शिंगाचा जीव चांगला होता. बाजारातून १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणलं, पातेल्यात पाणी ठेवून त्यावर दुसऱ्या भांड्यात वितळवलं, शिंग हीटरवर कोमट केलं आणि मेण आत ओतून गोल गोल फिरवत राहिलो. उरलेलं ओतून टाकलं. वास बंद झाला. चुकीचे रून बायकोनं काचपेपरनं घासून काढले आणि टोकदार हत्यारानं स्वतः कोरलं: 'थुर विगी', थोर पवित्र करो. हे शब्द फ्यून बेटावरच्या ग्लावेनद्रुपच्या शिळेवर आहेत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला राग्नहिल्ड नावाच्या बाईनं आल्ले या आपल्या नवऱ्यासाठी ती शिळा उभारली. तो देवस्थानाचा गोदी, म्हणजे पुजारी होता. आम्ही मुद्दाम जाऊन पाहून आलो. आजूबाजूला दगडांनी आखलेलं जहाज आहे. बायको तिथे बराच वेळ हात टेकून उभी होती.

वापरायचं म्हणाल तर शिकावं लागतं. टोक वर धरून प्यायलात तर मध्येच हवा आत शिरते आणि उरलेलं सगळं एकदम तोंडावर येतं. टोक खाली किंवा बाजूला ठेवून हळूहळू फिरवत प्यावं. गरम काही ओतू नका, मेण साधारण ६२ अंशांना वितळतं. शिंग म्हणजे नखासारखंच केराटिन, कढत पाण्यानं ते मऊ पडून वाकडं होतं. डिशवॉशरचा तर विचारही नको. कोमट पाण्यानं धुवा, उलटं टांगून वाळवा, आत रात्रभर काही ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. शिंग खाली ठेवता येत नाही. भरलेलं असेल तोवर ते कुणाच्या तरी हातात असावंच लागतं. दुकानदार वेगळा लाकडी स्टँड विकतो, १२० क्रोनरला. आम्ही घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. आसात्रोतल्या सुंबेल नावाच्या रीतीचा सगळा जीव यातच आहे. शिंग हातोहात फिरतं, आणि ज्याच्या हातात असेल तोच बोलतो. पहिली फेरी देवांची, दुसरी पूर्वजांची, तिसरी स्वतःच्या शब्दाची. तिसऱ्या फेरीत उगाच काही बोलायचं नसतं, कारण देवांसमोर आणि घरच्यांसमोर दिलेला शब्द पाळावा लागतो. बायकोनं एकदा तिच्या अबोला धरलेल्या बहिणीला महिन्याभरात फोन करीन असं म्हटलं, आणि केला.

मी आसात्रो घेतलेलं नाही. तरी दुसऱ्या फेरीत मी असतो. माझे वडील २०२१ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा विमानं बंद होती आणि मी आरहूसच्या याच स्वयंपाकघरात फोन धरून बसलो होतो. अग्नी चुलतभावानं दिला. शिंग पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा बायको म्हणाली, "पूर्ण नाव घे, आणि त्यांचं एक काम सांग." मी नाव घेतलं, आणि २००५ च्या पुरात त्यांनी शेजाऱ्यांची दोन म्हातारी माणसं पाठीवर घेऊन माळ्यावर नेली होती ते सांगितलं. हातातलं जड शिंग ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे उठून जाता आलं नाही. बोलून झाल्यावर प्यायलो आणि पुढे दिलं. शेवटचा घोट आमच्या सफरचंदाच्या झाडाच्या बुंध्याशी ओततो.

पिण्याआधी ती शिंगावर हातोडीची खूण करते. दहाव्या शतकात नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याला लाडे इथल्या ब्लोतमध्ये शिंग दिलं, तर त्यानं वर क्रूस काढला. लोक बिथरले. तेव्हा तिथला सरदार सिगुर्द यार्ल यानं सांभाळून घेतलं की राजानं थोरच्या हातोडीची खूण केली. आइसलँडचा जुना लेखक स्नोरी स्तुर्लुसन यानं ही हकिगत लिहून ठेवली आहे. मला ती फार आवडते, एका शिंगाभोवती दोन श्रद्धांची माणसं बसलेली.

विकत घेताना एक बघाच. हातोडी आणि रून या खुणा युरोपात वर्णद्वेषी लोकही मिरवतात. पहिल्या ब्लोतला जाताना माझ्या सावळ्या कातडीची मला काळजी वाटली होती. तिथे एका आजोबांनी मला शेजारी बसवून घेतलं. २०१६ मध्ये बऱ्याच देशांतल्या या जुन्या देवांना मानणाऱ्या गटांनी 'डिक्लरेशन १२७' वर सही करून वर्णभेद करणाऱ्यांशी संबंध तोडले. त्यातला आकडा हावामाल या जुन्या काव्याच्या कडव्याचा आहे, वाईट दिसलं तर ते बोलून दाखवावं असं सांगणाऱ्या. तेव्हा दुकानात आणखी काय विकायला आहे ते आधी पाहा, मगच पैसे द्या.

संभलच्या कारागिराला पाचपैकी पाच तारे. विकणाऱ्याला दोन. कोरून घ्यायचे जादा पैसे देऊ नका, साधं शिंग घ्या आणि मेण स्वतः लावा.

जुलैत आई आली होती. गुरुवारी तिच्यासाठी शिंगात ताक भरलं. दुसऱ्या फेरीत ते तिच्याकडे आलं, तिनं सवयीनं ठेवायला टेबलाकडे हात नेला, आणि नात म्हणाली, "आज्जी, ठेवायचं नसतं, नाव घ्यायचं असतं." आईनं बाबांचं नाव आयुष्यात कधी सरळ घेतलेलं मी ऐकलं नाही. तिनं शिंग दोन्ही हातांनी धरलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उखाणा घेतला, कृष्णेच्या घाटावर दिवे सोडण्याचा. नाव घेऊन ती प्यायली आणि शिंग नातीकडे दिलं.